दोन पॉइंटनी हरल्यावर काय करायचं: बाहेरगावच्या रग्बी मॅचची जमा-नावे

१७-१९. शेवटची किक मी मारली होती आणि ती डाव्या पोस्टच्या बाहेरून गेली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी स्वतःला वाचवायला लिहितोय असं ज्यांना वाटायचंय त्यांना वाटू दे. हिशोब तसाही माझा नाही, काकांचा आहे.

काका म्हणजे आमच्या क्लबचे मॅनेजर, स्कोअरर, पाणीवाले, सगळं तेच. बँकेतून रिटायर झालेत, दांडिया बाजारात राहतात, रग्बी आयुष्यात कधी खेळले नाहीत, पुतण्या खेळतो म्हणून एकदा बघायला आले आणि मग राहिलेच. मॅच झाली की लाल समासाची शाळेची वही काढतात, पानाच्या मधोमध उभी रेघ मारतात, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. आम्ही आधी हसायचो. या मॅचनंतर नाही हसलो.

क्लब म्हणजे काय, बडोद्यातली अठरा-वीस पोरं, अर्धी मराठी अर्धी गुजराती, बुधवारी आणि रविवारी सकाळी साडेसहाला पोलो ग्राउंडच्या एका कोपऱ्यात, जिथं क्रिकेटवाले अजून आलेले नसतात तेवढ्या वेळात. जानेवारीच्या शेवटी अहमदाबादला एका दिवसाचं सेव्हन्स खेळायला गेलो होतो. पहिली जिंकलो, दुसरीत मार खाल्ला, तिसरी ही. परतीच्या गाडीत एक्सप्रेसवेवर एकच चर्चा, किक गेली असती तर ड्रॉ होता, किक गेली असती तर. शेवटी मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "जवा दे ने यार." तिथं विषय बंद झाला आणि नेमकं तेच चुकतं. "जवा दे" म्हटलं की मॅच जाते आणि तिच्यातून काढायचं तेही जातं. म्हणून तुमचाही क्लब असाच एखाद-दोन पॉइंटनी हरून आला असेल तर पुढं काय करायचं ते लिहितोय, जसं आम्ही केलं तसं, आणि जिथं आम्ही माती खाल्ली तेही.

नवीन लोकांसाठी पटकन, सेव्हन्स म्हणजे सात-सात जण, बाहेर पाच सब, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मधे जास्तीत जास्त दोन मिनिटं. ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या गोल-लाइनपलीकडे बॉल जमिनीला टेकवल्याचे ५, वरच्या कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतर दोन पोस्टमधून, आडव्या बारवरून मारायच्या किकचे २, आणि ते कन्व्हर्जन ड्रॉप-किकनं, म्हणजे बॉल टप्पा घेऊन उठतानाच, मारायचं, ३० सेकंदांच्या आत. अजून एक, पंधरा-पंधरा जणांच्या खेळात ज्यांनी पॉइंट खाल्ले ते परत किकऑफ करतात, सेव्हन्समध्ये उलटं, ज्यांनी स्कोअर केला तेच किक मारतात. म्हणजे तुम्ही स्कोअर केलात की बॉल समोरच्यांना द्यायचा. हे नीट डोक्यात ठेवा, पुढं सगळं यावरच आहे.

त्याच रात्री काय करायचं

मॅचबद्दल काही नाही. खरंच. दमलेला माणूस जे बोलतो ते दुसऱ्या दिवशी त्यालाच पटत नाही. त्या रात्री तीनच कामं: कुणाच्या डोक्याला लागलंय का ते विचारा, सगळ्यांचे मोबाईलमधले व्हिडिओ एकाच ठिकाणी गोळा करा, आणि जेवा. आमच्यात एकाने रात्री साडेअकराला ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला की कुणी कुणी टॅकल सोडले, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडायचं कुणाकडून राहिलं, नावांसकट. दोन पोरं पुढच्या बुधवारी आलीच नाहीत. तेव्हा आता नियम असा की मॅचनंतर २४ तास ग्रुपवर फक्त फोटो.

वही मांडायची कशी

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बसा, त्याहून उशीर नको कारण लोक विसरतात आणि मग आपापली गोष्ट रचतात. बसायला दोघं-तिघंच. पूर्ण टीम नंतर.

व्हिडिओ एकदा पूर्ण बघून घ्या, न थांबवता. १४ मिनिटांचा तर असतो. दुसऱ्यांदा बघताना फक्त एक प्रश्न विचारा: समोरच्यांची प्रत्येक ट्राय सुरू कुठून झाली? संपली कुठं ते सगळ्यांना दिसतं, ज्याचा टॅकल सुटला त्याला शिव्या बसतात. सुरू कुठं झाली त्यासाठी व्हिडिओ मागं न्यायचा, बॉल त्यांच्याकडे पहिल्यांदा कसा आला तिथपर्यंत. काकांनी मागं नेऊन नेऊन जे लिहिलं ते असं.

नावे, ७: पहिल्याच किकऑफला बॉल आमच्या हातात आला आणि नॉक-ऑन, म्हणजे हातातून पुढं सांडला. त्यांचा स्क्रम (दोन्ही टीमचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून बॉल परत खेळात आणतात तो), तिथून ट्राय, कन्व्हर्जन. ०-७.

जमा, ५: आमची ट्राय, उजव्या कोपऱ्यात, किक गेली नाही. ५-७.

जमा, ७: सेकंड हाफची किक आम्ही छोटी मारली, आमच्याच पोराने उडी मारून बॉल मागं थापटला, पोस्टच्या मधोमध ट्राय. १२-७.

नावे, ७: लगेच पुढची किक आमची, लांब मारायला गेलो आणि थेट टचलाइनच्या, म्हणजे बाजूच्या रेषेच्या, बाहेर. सेव्हन्समध्ये याची शिक्षा मैदानाच्या मधोमध फ्री-किक. तिथून सुरू झालेला हल्ला आम्हाला थांबवता आला नाही. १२-१४.

नावे, ५: त्यांची किक आम्ही घेतली, एकटाच पोरगा तीन जणांत घुसला, खाली पडला, पडल्यावर सोडायचा असतो तो बॉल सोडला नाही, पेनल्टी. त्यांनी पटकन टॅप करून, म्हणजे बॉल पायाने जरासा टोचून, पळवला. १२-१९.

जमा, ५: शेवटच्या क्षणी आमची ट्राय, परत कोपऱ्यात. माझी किक. १७-१९.

आता उजवीकडची बाजू बघा. १९ च्या १९ पॉइंटांची सुरुवात आमच्या हातात बॉल असताना झाली. तीनपैकी दोन तर थेट किकऑफवर. समोरच्यांनी आमच्याकडून खेचून घेऊन, स्वतः काही घडवून मारलेली एकही ट्राय नाही. काका चष्मा काढून म्हणाले, "अरे, यांनी चोरी केलीच नाही, तुम्हीच दार उघडं टाकून झोपलात." आणि गाडीत आम्ही दोन तास फक्त शेवटच्या किकवर बोलत होतो.

तुमच्या वहीत वेगळं निघेल, कदाचित टॅकलच निघेल, लाइनआउट (बाजूला बाहेर गेलेला बॉल परत आत टाकतात तो) निघेल. पण "सुरू कुठून झाली" हा रकाना सोडू नका, बाकी बॉल किती वेळ कुणाकडे होता, कोण किती पळाला वगैरे हौशी क्लबला काही कामाचं नाही.

व्हिडिओसाठी एक सूचना, फोन आडवा धरा आणि उंचावरून घ्या, गॅलरी असेल तर गॅलरी, नाहीतर टेम्पोच्या टपावर कुणाला तरी चढवा. आमचा अर्धा व्हिडिओ बॉलच्या मागं झूम करत घेतलेला, त्यात बाकीची सहा पोरं कुठं उभी होती तेच दिसत नाही.

कोपऱ्यातली ट्राय किती महाग पडते

दोघांच्याही तीन-तीन ट्राय, त्यांची दोन कन्व्हर्जन गेली, आमचं एक. म्हणजे लोक म्हणतात तसं किकनंच हरलो, हो ना? अर्धं खरं. कन्व्हर्जन मारायचं ते ट्राय जिथं टेकवली त्याच्या सरळ रेषेत मागं जाऊन. दोन पोस्टमध्ये अंतर ५.६ मीटर, आडवा बार ३ मीटरवर. आता मैदान ७० मीटर रुंद धरा आणि हिशोब करा, मी इंजिनिअरिंगला जे शिकलो ते पहिल्यांदा कामाला आलं:

पोस्टच्या समोर २० मीटरवरून मारली तर दोन पोस्टमधली फट सुमारे १६ डिग्रीची दिसते. १० मीटर बाजूला सरकून तेवढ्याच मागून मारली तर जवळपास १३. आणि टचलाइनपासून ३ मीटर आत ट्राय टेकवली असेल तर २० मीटर मागून साडेचार डिग्री, अजून मागं ३२ मीटरवर गेलात तर ५, पण मग किक ४५ मीटरची होते, तीही ड्रॉप-किक, तीही पळून पळून जीव गेलेला असताना ३० सेकंदांत. म्हणजे मधोमध यायचीही गरज नाही, कोपऱ्यातून निघून पोस्टच्या १० मीटर जवळ आलात तरी काम तिपटीने सोपं.

शेवटची ट्राय ज्याने मारली त्याच्या मागं व्हिडिओत कुणी नव्हतं, निदान सात-आठ मीटर. त्याने मस्त डाइव्ह मारली, फोटो झकास आलाय, त्याच्या डीपीला अजून तोच आहे. त्याचं म्हणणं, तिथलं इन-गोल, म्हणजे गोल-लाइनमागचा ट्राय टेकवायचा पट्टा, एवढंसं होतं, वळायला गेलो असतो तर मागच्या डेड-बॉल लाइनच्या बाहेर गेलो असतो. आणि यात त्याची चूक नाही, कारण इन-गोल नियमानेच ६ मीटरपासून २२ मीटरपर्यंत काहीही असू शकतं आणि आमच्यापैकी एकानेही सकाळी ते चालून बघितलं नव्हतं. नवीन मैदानावर गेलात की पहिलं काम हेच, दोन्ही बाजूची इन-गोल पावलांनी मोजायची आणि विंगरना (अगदी कडेने पळणाऱ्यांना) तिथं उभं करून दाखवायची.

आता आमचा नियम: लाइन ओलांडल्यावर मागं पाच मीटरच्या आत कुणी नसेल तर वळायचं, शंका असेल तर टेकवायचं. ५ हातातले घालवून ७ च्या मागं लागणारा अजून मोठा गाढव.

डोक्याला लागलं तर

१२-१४ वाली ट्राय पडली तेव्हा झालं असं की त्या हल्ल्यात आमच्या विंगरचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आदळलं. उठला, म्हणाला ठीक आहे, पण उठून चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बाहेर काढलं. यावर गाडीत एकजण म्हणाला की तो राहिला असता तर ती ट्राय वाचली असती. असेलही. तरी बाहेरच काढायचं, त्या दिवशी परत आत नाही, आणि यावर वहीत नोंदच करायची नाही, कारण हा हिशोबाचा विषय नाही. वर्ल्ड रग्बीचं सांगणं आहे की हौशी प्रौढ खेळाडूने कन्कशननंतर (डोक्याला मार बसून मेंदू हादरल्यावर) २१ दिवसांच्या आत मॅच खेळायची नाही, आणि त्याआधी डॉक्टरला दाखवायचं. "मला आता बरं वाटतंय" हे चालत नाही.

चूक दुसरीकडे होती. जो सब आत गेला तो सावलीत सतरंजीवर जॅकेट घालून बसला होता, बुटाची नाडी सुटलेली. थंड अंगाने आत गेला आणि पहिल्याच टॅकलला माणूस निसटला. पाच सब असतात, त्यातले दोन कायम टचलाइनजवळ पळत राहिले पाहिजेत, दर दोन मिनिटांनी बदला. यात पैसे लागत नाहीत, अक्कल लागत नाही, फक्त कुणीतरी एकाने ओरडत राहायचं. आमच्याकडे हे काम आता काकांचं आहे, आवाज आहे त्यांना.

बाहेरगाव म्हणजे मैदानाच्या आधीच्या चुका

बडोदा-अहमदाबाद म्हणजे काही लांब नाही, एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा, त्यामुळे आम्ही प्रवासाला प्रवास मानलाच नाही. पहाटे साडेपाचला निघालो, वाटेत फाफडा-जलेबी, पोचल्यावर वीस मिनिटांत पहिली मॅच. ती जिंकलो म्हणून कुणाला काही वाटलं नाही. खरी गडबड दुपारी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मॅचमध्ये अडीच तास होते, यजमानांनी प्रेमाने जेवण ठेवलेलं, पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड, आणि आमच्यातल्या एकाच्या आईने संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्या दिलेल्या, तूप लावून. मी स्वतः श्रीखंडाची वाटी दोनदा घेतली. मग अशा पोटाने साखरझोप काढली सगळ्यांनी झाडाखाली. चार वाजता उठून वॉर्मअप काय, जांभयाच.

तेव्हा दिवसाच्या मधे केळी, पोहे, लिंबू-सरबत मीठ घालून, थोडं थोडं. जेवण यजमानांना आधीच सांगून शेवटच्या मॅचनंतर. ते रागावत नाहीत, उलट तेव्हा दोन्ही टीम एकत्र बसून जेवतात आणि मजा येते. मॅचच्या आधी ३५-४० मिनिटं उठायचं, परत घाम येईपर्यंत पळायचं, आणि निदान दहा टॅकल पूर्ण ताकदीने, पॅडवर का होईना.

टॉसचं सांगतो. टॉस आम्ही जिंकला. कॅप्टनने बाजू निवडली आणि कुठली निवडली, तर जिथं आमच्या बॅगा आणि पाण्याचा जग होता ती. मैदान पूर्व-पश्चिम होतं, संध्याकाळचा सूर्य थेट तोंडावर, त्यांनी मुद्दाम उंच किक मारली आणि आमच्या सगळ्यात उंच पोराला बॉल दिसलाच नाही. पहिला नॉक-ऑन तो. सेकंड हाफमध्ये सूर्य त्यांच्या तोंडावर होता आणि आमची छोटी किक आम्ही जिंकली, हाही योगायोग नाही. सात मिनिटांच्या हाफमध्ये सूर्य आणि वारा बघूनच बाजू घ्यायची. बॅगा उचलून नेता येतात.

पूर्ण टीमची बैठक

मंगळवारी संध्याकाळी काकांच्या ओट्यावर, सेव-उसळ मागवून. सेव-उसळ महत्त्वाची आहे, तोंड भरलेलं असलं की माणूस मधे बोलत नाही. पद्धत अशी ठेवली की आधी प्रत्येकाने स्वतःची एक चूक सांगायची, दुसऱ्याची नाही. सुरुवात मी केली आणि किकचं सांगणार तेवढ्यात काका म्हणाले, ती वहीत नाही, दुसरी सांग. मग मला आठवलं, टचलाइनच्या बाहेर गेलेला तो किकऑफ, तोही माझाच होता. शेवटच्या किकच्या गडबडीत तो मी सोयीस्कर विसरलो होतो, बाकीचेही विसरले होते. १२-७ ला पुढं असताना, कुणी सांगितलेलं नसताना, लांब मारून दाखवायची हौस. सात पॉइंट. ओट्यावर दोन सेकंद शांतता, मग एकजण "भाई, आ तो तें कह्युंज नहीं" (हे तर तू सांगितलंच नाहीस) आणि सगळे हसले.

कॅप्टनने सगळ्यात शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे त्याच्याच मागं माना डोलावतात. आणि बैठक उठायच्या आधी दोनच गोष्टी ठरवायच्या, तिसरी नको. आमच्या ठरल्या, किकऑफ आणि रक, म्हणजे खाली पडलेल्या बॉलवरची झटापट. टॅकल, फिटनेस, पासिंग सगळंच वाईट आहे हो, माहितीये, पण आठवड्यात दोन सकाळी मिळतात.

दोन पॉइंट किती मोठे असतात त्याचं एक उदाहरण पोरांना सांगितलं होतं, २०१९ मध्ये आपल्या मुलींनी पंधराच्या खेळात सिंगापूरला २१-१९ ने हरवलं, भारतीय महिला टीमचा तो पंधरातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारली सुमित्रा नायकने. आमचाच फरक, फक्त दुसऱ्या बाजूने. काकांना आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच, कलकत्त्याचा जुना रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी कप बनवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडला पाठवला, तोच कलकत्ता कप, त्यावर अजून इंग्लंड-स्कॉटलंड खेळतात. "बघा, खातं बंद करतानासुद्धा नीट हिशोब केला," असं म्हणून ते खूश.

मग प्रॅक्टिस, तीन आठवडे

आधी ग्राउंड साफ करा. उत्तरायण झाल्यावर महिनाभर गवतात मांजा असतो, आमच्या एकाच्या घोट्याला कापलंय. पाच मिनिटं रांगेत चालत सगळा उचलायचा.

किकऑफ घ्यायचा सराव: सूर्याकडे तोंड करून, मुद्दाम. बॉल पाण्यात बुडवून. दोघांची जोडी, एक उडी मारणार आणि एक मागं पडलेला उचलणार. ज्याचा बॉल त्याने "माझा" असं ओरडायचं, बॉल वर असतानाच, पडल्यावर नाही. अंग थोडं तिरकं वळवून घ्यायचं, म्हणजे सुटलाच तर पुढं न पडता मागं पडतो आणि नॉक-ऑन होत नाही. ही एक गोष्ट शिकायला आम्हाला चार सकाळी लागल्या. प्रत्येकी दहा बॉल, किती धरले ते वहीत. पहिल्या दिवशी आमचा उंच पोरगा दहात चार होता.

किकऑफ मारायचा सराव: बॉल १० मीटर जायलाच हवा, म्हणून १० मीटरच्या रेषेच्या थोडं पलीकडे चुन्याने चौकोन आखला, त्यात उंच टाकायचा, आपली पोरं खाली पोचेपर्यंत वर राहील एवढा. लांब मारायला मला सध्या बंदी आहे. ड्रॉप-किकमध्ये बॉल फेकायचा नाही, सोडायचा, आणि जमिनीवरून उठतो त्याच क्षणाला पाय. अहमदाबादचं मैदान आमच्यापेक्षा टणक होतं, बॉल जास्त उसळत होता आणि माझा पाय त्याच्या खालून जात होता, तिथं सकाळी पाच किक मारून बघितल्या असत्या तर कळलं असतं. बाहेरगावी किकरने हे करायचंच.

पोस्ट आमच्याकडे नाहीत. दोन बांबू ५.६ मीटरवर रोवले, ३ मीटरवर सुतळी बांधली, झालं. रोज शेवटी, सगळे दमल्यावर, मी आणि अजून एकजण, कोपऱ्यातून पाच, दहा मीटरवरून पाच, फोनवर ३० सेकंद लावून.

रक: पाच मीटरची गल्ली आखा, तीन विरुद्ध दोन. बॉलवाला पडला की अंग आपल्या बाजूला वळवून, हात लांब करून बॉल मागं ठेवायचा आणि सोडायचा. मागच्याने "एक-दोन" म्हणेपर्यंत वर यायला हवं. नाही पोचला तर ड्रिल बंद, पुन्हा पहिल्यापासून, आणि चूक पडलेल्याची नाही, न पोचलेल्याची धरायची. सेव्हन्समध्ये रकमध्ये एक, फार तर दोघं, बाकीचे पसरलेलेच राहायला हवेत. आणि सगळ्यात सोपा उपाय हाच की एकट्याने तिघांत घुसायचंच नाही, थांब, मागं दे, दुसरीकडून जा.

फेब्रुवारीत तेच लोक आपल्याकडे येतायत. विंगरचे २१ दिवस काकांच्या कालनिर्णयवर पेन्सिलने खोडले जातायत, डॉक्टरने हो म्हटलं तर तो असेल, तोपर्यंत त्याला पळायला बंदी आणि वही त्याच्याकडे दिलीय. परवा त्याने उंच पोराच्या नावापुढं दहात सात लिहिलं आणि माझ्या पुढं, कोपऱ्यातून, पाचात एक.